गोल्फ गेमच्या सिक्वेलचे रिव्ह्यू वाचताय? या चुका टाळा

गोल्फच्या सिम्युलेशन गेमचा नवा भाग आला की सगळ्यांची नजर आधी आकड्यावर जाते. समीक्षकांच्या गुणांची सरासरी देणाऱ्या मेटाक्रिटिक या साइटवर ७५ किंवा त्याहून वर गेला म्हणजे हिरवा, त्याखाली राहिला म्हणजे पिवळा, ५० च्याही खाली तर लाल, आणि तेवढ्यावर गेम जमला की फसला हे ठरवून लोक मोकळे होतात. इतर गेममध्ये हे एक वेळ खपून जाईल, गोल्फमध्ये नाही. इथे सगळा डोलारा एका स्विंगवर उभा असतो. समीक्षकाने तो स्विंग कुठल्या सेटिंगवर, कुठल्या मशीनवर आणि केव्हा मारला हे कळल्याशिवाय त्याच्या गुणांना फारसा अर्थ उरत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘कंट्रोल्स बेभरवशाचे आहेत’ हे वाक्य जसंच्या तसं मान्य करणं. ‘पीजीए टूर २के’ मालिकेत मुख्य पद्धत कंट्रोलरवरच्या स्टिकची आहे: स्टिक मागे ओढायची, मग पुढे ढकलायची. ढकलताना घाई झाली तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे वळतो, रेंगाळलात तर उजवीकडे. स्टिक तिरकी गेली तर त्याचा हिशोब वेगळा. हे हातात बसायला वेळ लागतो. आणि समीक्षक कितीही प्रामाणिक असला तरी त्याला ठरलेल्या तारखेला लिहून द्यायचं असतं. त्यामुळे ‘फार अवघड’ असं लिहिलेलं दिसलं की त्याने डिफिकल्टी कुठली ठेवली होती आणि किती खेळून हे लिहिलं, ते आधी शोधा. तो उल्लेखच नसेल तर त्या परिच्छेदाला कमी वजन द्या.

हाच दोष तुम्हाला स्वतःच्या घरी जाणवत असेल तर गेमला नावं ठेवण्याआधी टीव्ही तपासा. बरेच टीव्ही चित्र सुबक करण्याच्या नादात ते किंचित उशिरा दाखवतात. सिनेमा पाहताना हे कळतही नाही. स्टिकऐवजी तीनदा बटण दाबून मारायच्या ‘तीन क्लिक’ स्विंगमध्ये मात्र पहिल्या क्लिकवर स्विंग सुरू, दुसऱ्यावर ताकद, तिसऱ्यावर अचूकता असं असतं, आणि तिथे हा उशीर थेट चेंडूच्या दिशेत उतरतो. तुम्ही स्क्रीनवरच्या सरकत्या पट्टीवर बरोबर जागी बटण दाबलेलं असतं, पण गेमच्या लेखी ती वेळ कधीच टळून गेलेली असते. टीव्हीचा गेम मोड चालू करा. गेममध्ये स्विंग कॅलिब्रेशन (तुमच्या हाताशी स्विंगचं माप जुळवायची सोय) असेल तर ते करून घ्या. एक फेरी सोप्या डिफिकल्टीवर खेळा. त्यानंतरही चेंडू भरकटत असेल तर दोष खुशाल गेमला द्या.

दुसरी चूक म्हणजे मागच्या भागाची तक्रार नव्या भागाच्या माथी मारणं. २०२० च्या ‘पीजीए टूर २के२१’ मध्ये तीन क्लिकची सोय नव्हती, ती पुढच्या ‘२के२३’ मध्ये आली. ‘२के२१’ मध्ये जस्टिन थॉमससारख्या खऱ्या खेळाडूंविरुद्ध खेळता यायचं, पण त्यांना स्वतः खेळवता येत नव्हतं. ‘२के२३’ मध्ये टायगर वूड्ससकट काही जण हाती आले. तरी चर्चांमध्ये जुन्याच तक्रारी फिरत राहतात.

मालिका नेमकी कुठून सुरू झाली यातही गल्लत होते. ‘२के२१’ हा पहिला भाग नव्हे. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या एचबी स्टुडिओजने २०१४ मध्ये ‘द गोल्फ क्लब’ काढला, २०१७ मध्ये त्याचा दुसरा भाग, २०१८ मध्ये ‘द गोल्फ क्लब २०१९’, आणि त्यानंतर नाव बदलून ‘२के२१’ आला. म्हणजे ‘२के२३’ हा पाचवा भाग. शिवाय ‘२के२२’ किंवा ‘२के२४’ असा भागच नाही. ‘दरवर्षी तेच विकतात’ हा इतर क्रीडा गेमवरचा आरोप इथे चिकटवू नका. उलट ‘२के२१’ मध्ये खेळाडूंनी बनवलेले कोर्स ‘२के२३’ मध्ये आणता येतात. खेळाडूंच्या मेहनतीची एवढी कदर करणाऱ्या सोयीला रिव्ह्यूमध्ये जेमतेम एखादी ओळ मिळते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता ‘रोरी मॅकिलरॉय पीजीए टूर’. सिक्वेलवरची टीका कशी वाचावी हे शिकायला याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. २०१३ च्या ‘टायगर वूड्स पीजीए टूर १४’ नंतर ईए या बड्या गेम कंपनीने आपल्या मालिकेचं नाव बदललं, गेम चालवणारं फ्रॉस्टबाइट हे नवं सॉफ्टवेअर इंजिन घेतलं आणि २०१५ च्या जुलैमध्ये हा गेम आणला. एका होलवरून दुसऱ्यावर जाताना लोडिंग नाही, स्विंगच्या तीन शैली, आणि ‘बॅटलफील्ड ४’ या युद्धाच्या गेममधल्या पॅरासेल स्टॉर्मच्या मैदानावर चक्क गोल्फ. समीक्षकांनी दृश्यांचं कौतुक केलं, पण कोर्स किती कमी, आपला खेळाडू हवा तसा घडवायची सोय कुठे गेली, असं विचारून झोडपलंही. ते विचारणं रास्तच होतं. पूर्ण किंमत घेऊन जुन्या भागातल्या गोष्टी काढून घेतल्या तर लोक बोलणारच.

फक्त यातली कुठली टीका कशावर आहे ते वेगळं करून वाचा. ‘स्विंग वाईट’ आणि ‘ऐवज कमी’ या दोन निराळ्या तक्रारी आहेत. पहिली सहसा गेमच्या हाडातच असते. दुसरी पुढच्या अपडेटने भरून निघू शकते, आणि या गेममध्ये नंतर कोर्सची भर पडलीही. मेटास्कोअर, म्हणजे मेटाक्रिटिकचे गुण, मात्र प्रामुख्याने सुरुवातीच्या रिव्ह्यूंवरच उभा असतो. त्यामुळे रिव्ह्यूची तारीख आणि गेमची आजची आवृत्ती शेजारी ठेवून बघा.

मशीनचंही तसंच. मेटाक्रिटिक प्रत्येक कन्सोलचे गुण वेगळे देतं, ते उगाच नाही. २००९ च्या ‘टायगर वूड्स पीजीए टूर १०’ ला निन्टेंडोच्या वी कन्सोलवर मोशनप्लस या हालचाल टिपणाऱ्या उपकरणाची जोड होती, मनगट किती वळलं तेही गेमला कळायचं. तेच नाव, पण हातातला अनुभव इतर कन्सोलपेक्षा पार निराळा.

व्हायरल क्लिपला समीक्षेची जागा देऊ नका. ‘टायगर वूड्स ०८’ मध्ये टायगर पाण्यावर उभा राहून चेंडू मारतो, असा एक बग कुणीतरी दाखवला आणि तो जगभर गाजला. २००८ मध्ये ईएने पुढच्या भागाच्या जाहिरातीत खऱ्या टायगरला पाण्यावर चालवून त्याला झकास उत्तर दिलं. पण गेमचा स्विंग, ग्रीनचा उतार, वाऱ्याचा हिशोब यांच्याबद्दल त्या क्लिपने काहीच सांगितलं नव्हतं.

पीसी गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानात खेळाडूंचे ‘अलीकडचे’ आणि ‘सगळे’ रिव्ह्यू वेगळे दिसतात, ते दोन्ही बघा. अलीकडचे अचानक घसरले असतील तर कारण बहुधा सर्व्हर, ताजं अपडेट किंवा गेममधलं दुकान असतं. रिलीजआधी खेळणाऱ्या समीक्षकाला भरलेले सर्व्हर मिळत नाहीत, म्हणून ऑनलाइन खेळासाठी गेम घेणार असाल तर खेळाडूंचंच ऐका. एकट्याने करिअर खेळायचं असेल तर सर्व्हरवरच्या रागाने बिचकू नका.

आणि तुलना कुणाशी चालली आहे ते पाहा. ‘२के२३’ ऑक्टोबर २०२२ मध्ये आला तेव्हा समोर मोठा प्रतिस्पर्धी नव्हता. ‘ईए स्पोर्ट्स पीजीए टूर’ एप्रिल २०२३ मध्ये आला, मास्टर्स स्पर्धेचं ऑगस्टा नॅशनल मैदान आणि चारही मेजर, म्हणजे गोल्फच्या सर्वात मोठ्या स्पर्धा, घेऊन. ऑगस्टावर खेळायचं असेल तर ‘२के२३’ चे जुने रिव्ह्यू कितीही गोड असले तरी तो कोर्स त्यात नाही. आणि कोर्स स्वतः रचायची हौस असेल तर ऑगस्टाच्या कौतुकाने भुलून ईएचा गेम घेऊ नका, कारण ती सोय २के मालिकेकडे आहे.