सेन्सर मागवण्याआधी वायर बघा: जुन्या गाडीतल्या नेहमीच्या चुका

स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला, कोड आला, सेन्सर मागवला. जुन्या गाड्यांवर सगळ्यात जास्त पैसा याच घाईत वाया जातो. पी०११८ दिसला की लोक 'कूलंट टेम्परेचर सेन्सर गेला' असं वाचतात. कोड तसं म्हणतच नाही. त्या सर्किटमधलं व्होल्टेज प्रमाणापेक्षा जास्त आहे, एवढंच तो सांगतो. आणि सर्किटमध्ये सेन्सर, कपलर (वायरी सेन्सरला जोडणारा प्लग), दोन वायरी, अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी वाट) आणि इसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) एवढं सगळं येतं. सेन्सर पटकन खोलता येतो, म्हणून बिल त्याच्या नावावर फाडलं जातं.

अशीच एक गाडी आली होती. गरम इंजिन स्टार्ट व्हायला नखरे करायचं, मागून काळा धूर, आणि रेडिएटरचा फॅन चावी ऑन केल्यापासून सुरू. मालकाने सेन्सर दोनदा बदलून घेतला होता, वर थर्मोस्टॅटही. आधीच्या गॅरेजने वायरसुद्धा 'तपासली' होती. मीटरचा बीप (वायर सलग असली की वाजतो तो) वाजला, वायर पास.

कपलर काढल्यावर स्कॅनरने उणे ४० अंश दाखवले. ते बरोबर होतं, सर्किट उघडं असलं की बऱ्याच गाड्या असाच आकडा दाखवतात. मग कपलरच्या दोन्ही पिना छोट्या वायरने जोडल्या. आता आकडा १३०च्या आसपास किंवा वर जायला हवा होता, पण तो उणे ४० वरून हललाच नाही. सेन्सर तर बाजूला काढलेला, म्हणजे दोष वायरीत किंवा इसीएममध्ये. कपलरजवळची वायर दोन बोटांत धरून हलकेच ओढली, तर एका जागी ती रबरासारखी लांबली. आवरण धडधाकट, आतलं तांबं तुटलेलं. कुणीतरी खटकी न दाबता वायरीला धरून कपलर उपटला असणार. वायर स्वस्थ पडलेली असली की तुटलेली टोकं एकमेकांना टेकायची, आणि बीप वाजायचा.

म्हणून नुसत्या बीपवर माझा विश्वास नाही. एकच तार शिल्लक असली तरी तो वाजतो. मीटर लावून ठेवायचा आणि कपलरपासून इसीएमपर्यंत हार्नेस (वायरींचा जुडगा) वीतभर वीतभर हलवत जायचं. कंटाळवाणं काम आहे, मान्य. ज्यांना पाच मिनिटांत उत्तर हवं असतं, ते इथेच उठतात.

पिना जोडण्याची ही युक्ती फक्त दोन वायरींच्या टेम्परेचर सेन्सरवर वापरा. तीन वायरींच्या सेन्सरवर अंदाजाने जोडाजोड केलीत तर ५ व्होल्टचा सप्लाय शॉर्ट होईल.

सप्लायचा विषय निघालाच आहे तर, एकदम तीन-चार सेन्सरचे कोड आले म्हणून तीन-चार सेन्सर मागवू नका. बऱ्याच गाड्यांत ५ व्होल्टची लाईन सामायिक असते, एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की सगळे आजारी दिसतात. मीटर त्या लाईनवर ठेवून एकेक कपलर काढत जा. ज्याचा कपलर निघताच ५ व्होल्ट परत येतात, चोर तो. सगळे काढूनही आले नाहीत, तर हार्नेस कुठेतरी बॉडीला घासला असेल.

अर्थ ओहममध्ये मोजू नका. इंजिन चालू ठेवून सेन्सरच्या अर्थ वायरीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज मोजा. ०.१ व्होल्टच्या वर गेलं की मी आधी अर्थचे बोल्ट सोडवून घासतो, मगच पुढचा विचार.

बल्बचा टेस्टर इसीएमच्या वायरींना लावायचा नाही. का, ते नवीन इसीएमचा भाव विचारलात की कळेल.

सुई टोचून वायर तपासणारेही खूप. त्या भोकातून पाणी शिरतं आणि पुढच्या पावसाळ्यात तांबं हिरवं पडतं. कपलरच्या मागच्या बाजूने बारीक पिन सरकवा.

कोड लगेच पुसू नका. फ्रीझ फ्रेम (कोड आला त्या क्षणी इसीएमने साठवलेले आकडे) आधी लिहून घ्या, बिघाड गरम इंजिनावर झाला की थंड, हे तिथेच कळतं.

आणि जोड देताना वायरी पिळून त्यावर टेप गुंडाळणं बंद करा. इंजिनाच्या उष्णतेने टेपचा गोंद वितळतो, जोड उघडा पडतो. मी क्रिम्प करून (धातूच्या नळीत वायरी दाबून) वर गोंदवाली हीट श्रिंक नळी (गरम केली की आवळणारी) चढवतो. दोन जोड शेजारी येत असतील तर मागेपुढे ठेवतो, म्हणजे नळी फाटली तरी ते एकमेकांना लागत नाहीत.