शॉप फ्लोअरवर नव्याने रुजू झालेल्या अभियंत्यांनो, या चुका टाळा

भोसरी-चाकण पट्ट्यातील कारखान्यांत डिप्लोमा आणि पदवी घेऊन आलेली मुले रुजू होताना मी गेली वीस वर्षे पाहत आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांची अडचण ज्ञानाची नसते. यंत्रावर हात ठेवण्याआधी त्या यंत्रावरच्या माणसाला विचारायचे असते, हे त्यांना कोणी शिकवलेले नसते, आणि म्हणून त्याच त्या चुका दरवर्षी घडतात.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे ऑपरेटरला चारचौघांत तोंडावर पाडणे. आमच्याकडे सीएनसी लेथवर (संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या कातकामाच्या यंत्रावर) 25 एच6 मापाचा शाफ्ट चालू होता, म्हणजे व्यास 25.000 ते 24.987 मिलिमीटर यांच्या आतच हवा. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, अवघा 13 मायक्रॉनचा; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दोन महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या एका मुलाने यंत्रातून नुकताच निघालेला, हाताला गरम लागणारा पीस मायक्रोमीटरमध्ये धरला. माप 25.001 आले आणि त्याने तिथल्या तिथे 10 मायक्रॉनचा ऑफसेट दिला, म्हणजे पुढचे पीस तेवढे बारीक निघतील अशी टूलची जागा बदलली. त्या यंत्रावरचे काका प्रत्येक पीस सरफेस प्लेटवर गार होऊ देऊन मगच मोजत असत. त्यांनी हे सारे पाहिले आणि ते गप्प राहिले, कारण आदल्याच दिवशी याच मुलाने त्यांना सगळ्यांदेखत ‘तुम्हाला मायक्रोमीटर धरता येत नाही’ असे सुनावले होते.

पाळी संपेपर्यंत 64 पीस निघाले आणि गार झाल्यावर ते सारे 24.985च्या आसपास भरले. माप जास्त असते तर पुन्हा कट घेता आला असता. कमी झालेले माप भरून काढता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला पोलादाच्या प्रसरणाबद्दल विचारले, तेव्हा त्याने ते न अडखळता सांगितले : एका मीटरला दर अंशामागे साधारण 12 मायक्रॉन. म्हणजे 20 अंशांनी गरम असलेला 25 मिलिमीटरचा पीस 6 मायक्रॉन मोठा दिसणार, हे गणित त्याला येत होते. काकांनी गप्प बसायला नको होते आणि मी त्यांना तसे स्पष्ट सांगितले, पण त्यांचे तोंड कोणी बंद केले होते, हेही मला ठाऊक होते. त्या मुलाने पुढे त्याच लाइनवर, त्याच माणसांसमोर माफी मागितली, तेव्हा काकांनी त्याला पीसवर तळहात ठेवून तो मोजण्याजोगा कधी होतो ते दाखवले.

माझी सवय अशी की ऑफसेटला हात लावण्यापूर्वी मी ‘काका, हा पीस तुम्ही ठेवून का देता?’ असे काहीतरी विचारतो आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलत नाही. चूक दाखवायचीच असेल तर ती चहाच्या सुट्टीत, बाजूला घेऊन दाखवतो.

याच्या उलट चूकही मी तितकीच पाहिली आहे. काही मुले पहिल्याच आठवड्यात सर्वांची लाडकी होतात, पण त्यांना ड्रॉइंगवरची रनआउटची (पीस फिरताना त्याचा पृष्ठभाग किती डगमगलेला चालेल याची) खूण ओळखता येत नाही. ऑपरेटरला हे दोन दिवसांत कळते आणि पहिल्याच ब्रेकडाउनला तो त्यांना वगळून थेट मेंटेनन्सला फोन लावतो.

दोन दिवसांच्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिराच्या प्रमाणपत्रावर माझा विश्वास नाही. तेवढ्याच वेळात दोन रात्रपाळ्या यंत्राशेजारी उभे राहावे. ऑपरेटर उत्तर प्रदेश-बिहारकडचा असेल तर त्याच्याशी हिंदीत नीट बोलता आले पाहिजे. त्याने सुचवलेली सुधारणा मीटिंगमध्ये मांडताना त्याचे नाव घ्यावे.

आणि पाळी बदलताना लॉगबुकात नुसते ‘ऑफसेट दिला’ असे लिहू नये. कोणत्या टूलला, कोणत्या अक्षावर, किती मायक्रॉन, कशामुळे आणि कोणाला विचारून, हे सारे लिहावे, कारण रात्री अकरा वाजता येणाऱ्या माणसाला विचारायला तेव्हा तुम्ही तिथे नसता.