उपाशी न राहता कमी कसे खावे

वजन कमी करायचे ठरले की बहुतेक जण पहिल्याच दिवशी जेवण निम्म्यावर आणतात. चार-पाच दिवस उत्साहात निघून जातात, मग भूक साचत जाते आणि एखाद्या संध्याकाळी दिवसभराचा शीण व समोर ठेवलेला खाऊ यांची गाठ पडली की सारा निर्धार ढासळतो. दोष मात्र दिला जातो तो मनोबलाला. वास्तविक आपण किती खाणार हे बरेचसे जेवायला बसण्यापूर्वीच ठरून गेलेले असते. घरात काय आणले आहे, ते कसे शिजवले आहे, किती वाढून घेतले आहे आणि भूक किती वेळ ताणली आहे, एवढ्या गोष्टी आधीच मार्गी लावल्या, तर ताटासमोर बसून मनाशी झगडण्याची वेळ फार कमी येते.

भुकेशी थेट झुंज घेतली की काय होते, हे १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी केलेल्या प्रयोगात फार स्पष्टपणे दिसले. ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने रोज साधारण १,६०० कॅलरींच्या आतबाहेर आहार देण्यात आला. त्यांचे वजन जवळपास एक चतुर्थांशाने घटले. पण त्याबरोबरच त्यांचे सारे लक्ष अन्नावर खिळले, काही जण पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागले, स्वभाव चिडखोर व उदास झाले आणि प्रयोग संपल्यावरही कित्येकांना पोट भरल्याची जाणीव लवकर परत आली नाही. हे तरुण दर आठवड्याला बरेच मैल चालत असत आणि मुळात सडपातळ होते, त्यामुळे त्यांची तुलना सरसकट कोणाशीही करता येणार नाही. तरीही झटपट वजन उतरवण्यासाठी सांगितल्या जाणाऱ्या कित्येक आहारांत याहूनही कमी कॅलरी असतात, हे ध्यानात ठेवावे.

किती कमी करावे

शरीरातील एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात. रोज गरजेपेक्षा ५०० कॅलरी कमी घेतल्या, तर हिशोबाने आठवड्याला जवळपास अर्धा किलो वजन उतरायला हवे. सुरुवातीचे काही आठवडे हा हिशोब बऱ्यापैकी जमतो. पुढे वेग मंदावतो, कारण हलक्या झालेल्या शरीराला कमी ऊर्जा पुरते आणि भूकही थोडी वाढते. म्हणून रोज ३०० ते ५०० कॅलरींची तूट हे उद्दिष्ट बहुतेकांना पेलण्याजोगे आहे. दिवसाला ८०० कॅलरींपेक्षा कमी आहार वैद्यकीय देखरेखीशिवाय घेऊच नये. वजन फार वेगाने उतरले की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

एकूण ध्येयही माफक असावे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासात मूळ वजनाच्या ७ टक्के घट आणि आठवड्याला दीडशे मिनिटे व्यायाम एवढेच लक्ष्य ठेवले होते, आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी आढळले. ८० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ७ टक्के म्हणजे साडेपाच किलोंच्या आसपास. एवढ्याने आरशात फारसा फरक दिसणार नाही कदाचित, पण प्रकृतीला तो नक्की जाणवतो.

पोट भरावे, कॅलरी कमी व्हाव्यात

आपल्या पोटाला कॅलरी मोजता येत नाहीत. पोट ताणले गेले, चावायला वेळ लागला, आतड्यांतून तृप्तीचे संदेश देणारी संप्रेरके स्रवली, की आपल्याला पुरेसे वाटते. यात अन्नाच्या आकारमानाचा आणि वजनाचा वाटा मोठा असतो. म्हणूनच ज्या अन्नात पाणी आणि तंतू जास्त व चरबी कमी, ते पोटभर खाऊनही कॅलरी कमीच जातात. एका ग्रॅम चरबीत ९ कॅलरी असतात, तर पिष्टमय पदार्थांच्या आणि प्रथिनांच्या एका ग्रॅममध्ये ४. पाण्यात एकही नसते.

बटाट्याचेच उदाहरण घ्या, कारण वजन कमी करणारे लोक त्याला सर्वांत आधी घराबाहेर काढतात. १०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात ९०च्या आत कॅलरी असतात. त्याच बटाट्याच्या तळलेल्या वेफर्स १०० ग्रॅम खाल्ल्या, तर ५०० हून अधिक. पाणी उडून गेले आणि त्याची जागा तेलाने घेतली, एवढाच काय तो फरक. १९९५ मध्ये सिडनी विद्यापीठात ३८ पदार्थांची तृप्ती मोजून पाहिली गेली. प्रत्येक पदार्थ समान कॅलरींच्या मापात दिला होता, आणि पांढऱ्या ब्रेडला १०० गुण धरले असता उकडलेल्या बटाट्याने सर्वाधिक, म्हणजे ३२३ गुण मिळवले. लोणी घालून केलेल्या क्रोसाँ या पापुद्र्यांच्या पावाला ४७ गुण मिळाले. तेव्हा अमुक पदार्थ वाईट म्हणून त्याच्यावर फुली मारण्यापेक्षा तो कोणत्या रूपात ताटात येतो, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

व्यवहारात याचा अर्थ असा, की जेवणाची सुरुवात भाजी, कोशिंबीर किंवा पातळ सुपाने करावी आणि निम्मे ताट भाज्यांनी भरावे. उरलेल्या निम्म्यात डाळी, कडधान्ये, अंडी, मासे, दही यांसारखा प्रथिनांचा भाग आणि धान्याचा भाग साधारण सारखा ठेवावा. प्रथिनांनी भूक अधिक काळ शांत राहते आणि वजन उतरताना स्नायूंची झीज कमी होते. शरीराच्या दर किलो वजनामागे एक ग्रॅमपेक्षा किंचित अधिक प्रथिने रोज मिळतील असे पाहावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

पाकिटबंद, तयार खाण्याबाबत मी एरवीपेक्षा कडक आहे, आणि त्याला कारण आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे साधे, फारशी प्रक्रिया न केलेले अन्न दिले. दोन्ही वेळा वाढलेल्या अन्नात साखर, चरबी, तंतू आणि मीठ सारखेच राखले होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले, की प्रक्रिया केलेल्या अन्नाच्या काळात लोक रोज सुमारे ५०० कॅलरी अधिक खात होते आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले. कोणी त्यांना जास्त खायला सांगितले नव्हते, की त्यांना ते अन्न अधिक रुचकर वाटले असेही त्यांनी नोंदवले नाही.

तेलाची बाटली

स्वयंपाकघरात सर्वांत आधी काय बदलावे असे कोणी विचारले, तर माझे उत्तर एकच असते: बाटलीतून थेट कढईत तेल ओतू नये. बाटली तिरकी केली की धार सुटते, कढईचा तळ चकाकतो आणि हाताला वाटते की थोडेसेच पडले. हीच धार एकदा मापाच्या मोठ्या चमच्यात धरून पाहावी. चमचा भरतो, दुसऱ्यांदा भरतो, अनेकदा तिसऱ्यांदाही भरत येतो. १५ मिलिलिटरच्या एका चमच्यात साधारण १२० कॅलरी असतात, म्हणजे तीन चमच्यांचे साडेतीनशेच्या वर गेले, आणि पोटाला त्याचा थांगपत्ताही लागत नाही. दीड चमच्यात तोच पदार्थ होतो. जाड बुडाचे भांडे घ्यावे, तेल नीट तापू द्यावे, भाजी परतून झाकण ठेवावे आणि बुडाला लागू लागली की पाण्याचा हबका मारावा. पहिले दोन-चार दिवस चव निराळी वाटते, नंतर जीभ सरावते. लोणी, चीज, सुकामेवा हे पौष्टिक असले, तरी तेही मोजूनच घ्यावेत. बदामांचा डबा हातात धरून खाऊ नये.

पेये

द्रवरूप कॅलरींची नोंद भूक जवळजवळ घेतच नाही. ३३० मिलिलिटर कोलामध्ये ३५ ग्रॅमच्या आसपास साखर, म्हणजे आठ-नऊ लहान चमचे, आणि सुमारे १४० कॅलरी असतात. त्या पोटात गेल्यावर आपण जेवण तेवढ्याने कमी करत नाही. फळांचा रसही याच रांगेतला, भले त्यात वरून साखर घातलेली नसो. फळ अख्खे खावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वरून घातलेली साखर, मध आणि रसांतील साखर मिळून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि शक्य तर ५ टक्क्यांच्या आत. चहा-कॉफीतील साखर एकदम बंद करणे जड जाते. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेल्यास फारसे जाणवत नाही. मद्यातील शुद्ध अल्कोहोलच्या एका ग्रॅममध्ये ७ कॅलरी असतात, शिवाय त्याच्यासोबत जे चघळले जाते त्याचा हिशोब वेगळाच.

वाढून घेणे आणि खाणे

समोर जास्त अन्न असले की माणूस जास्त खातो. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवले, की मॅकरोनी-चीजचे माप ५०० ग्रॅमवरून १,००० ग्रॅम केल्यावर लोकांनी सुमारे ३० टक्के अधिक कॅलरी खाल्ल्या. म्हणून ताट स्वयंपाकघरातच वाढून घ्यावे आणि भांडी मेजावर आणून ठेवू नयेत. दुसऱ्यांदा घ्यायचेच असेल, तर उठावे लागेल, आणि बऱ्याचदा उठण्याचा कंटाळाच आपले काम करतो. लहान ताटलीत खाल्ले की आपोआप कमी खाल्ले जाते, हा सल्ला मात्र जितका सांगितला जातो तितका पक्का नाही. अशा प्रकारच्या संशोधनासाठी गाजलेले कॉर्नेल विद्यापीठातील ब्रायन वॉनसिंक यांचे अनेक शोधनिबंध पुढे मागे घेण्यात आले. लहान ताटली वापरायला हरकत काहीच नाही. तिच्यावर भिस्त ठेवू नये, इतकेच.

सावकाश खावे, हे मात्र निश्चित. तृप्तीचे संदेश मेंदूपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि दहा मिनिटांत ताट संपवणाऱ्याला पोट भरल्याचे कळते ते भरून गेल्यानंतर. दूरदर्शन किंवा मोबाइल पाहत खाल्ले, तर त्या वेळी आणि नंतरही अधिक खाल्ले जाते. पाकिटातला पदार्थ खायचा झाला, तर वाटीत काढून, पाकीट पुन्हा बंद करून जागेवर ठेवून मगच बसावे. मुलांच्या ताटात उरलेले संपवण्याची सवय अनेक घरांत असते. ते झाकून ठेवावे, आपल्या पोटात ढकलू नये.

जेवणाआधी अर्धा लिटर पाणी पिण्याचा उपाय बिनखर्चाचा आहे आणि मध्यम वयाच्या व त्यापुढच्या लोकांना त्याचा थोडा फायदा होतो, असे दिसले आहे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी तो करू नये.

भूक ताणू नये

दिवसातून किती वेळा खावे, याबद्दल जेवढा वाद आहे तेवढा फरक त्यात नाही. दोनदा खाऊन जमत असेल तर दोनदा खावे, चारदा खाऊन जमत असेल तर चारदा. सकाळी भूक नसेल, तर केवळ नियम म्हणून न्याहारी करण्याची सक्ती नाही. पाहायचे एवढेच, की कडाडून भूक लागेपर्यंत थांबू नये आणि तशा अवस्थेत खरेदीला तर मुळीच जाऊ नये. सायंकाळी घरी येताच हात डब्याकडे जात असेल, तर त्याच्या तासभर आधी फळ किंवा दही ठरवून खावे. चरबी कमी करावी की पिष्टमय पदार्थ, हा प्रश्नही असाच. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात ६०९ जणांपैकी एका गटाने कमी चरबीचा व दुसऱ्याने कमी पिष्टमय आहार वर्षभर घेतला. सरासरी घट अनुक्रमे ५.३ आणि ६ किलो होती, आणि हा फरक सांख्यिकीच्या दृष्टीने नगण्य ठरला. जो आहार आपल्याला पुढच्या वर्षीही चालवता येईल, तो निवडावा.

अपुऱ्या झोपेने भूक वाढते, हे अनुभवाने बहुतेकांना ठाऊक असते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कमी झोपणाऱ्या आणि वजन जास्त असलेल्या तरुणांची झोप सरासरी १.२ तासांनी वाढवली, तेव्हा त्यांचे रोजचे खाणे सुमारे २७० कॅलरींनी घटले, आणि तेही आहाराबद्दल कोणताही सल्ला न देता. रात्री अकरानंतर भूक लागत असेल, तर अनेकदा जेवणापेक्षा अंथरुणाची गरज अधिक असते. व्यायाम प्रकृतीसाठी अवश्य करावा; पण अर्धा तास भरभर चालून दीडशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात, हे लक्षात घेता व्यायाम केला म्हणून स्वतःला खाण्याचे बक्षीस देऊ नये.

नोंद आणि वजनकाटा

किमान दोन आठवडे तरी, खाल्लेले सर्व काही त्याच वेळी लिहून ठेवावे. ‘मी काहीच खात नाही, तरी वजन उतरत नाही’ असे सांगणाऱ्या दहा जणांची १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये काटेकोर तपासणी झाली, तेव्हा ते प्रत्यक्ष खाण्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी सांगत होते आणि हालचाल ५१ टक्के जास्त सांगत होते, असे आढळले. ते लबाडी करत होते असे मानण्याचे कारण नाही. स्वयंपाक करताना चाखलेले आणि येता-जाता तोंडात टाकलेले स्मरणात राहतच नाही.

वजन सकाळी, शौचानंतर, काही खाण्यापूर्वी करावे. खारट जेवण, मासिक पाळी, बद्धकोष्ठता यांनी एका दिवसात किलो-दीड किलोचा फरक सहज पडतो, म्हणून रोजच्या आकड्याऐवजी आठवड्याची सरासरी पाहावी. पहिल्या आठवड्यात झपाट्याने उतरलेले वजन बरेचसे पाण्याचे असते. पुढे तीन-चार आठवडे सरासरी हललीच नाही, तर आहार आणखी तोडण्याआधी तेलाचा चमचा पुन्हा बाहेर काढावा. मापे नकळत सैल झालेली असतात.

गरोदर व स्तनपान देणाऱ्या स्त्रिया, वाढीच्या वयातील मुले, पूर्वी खाण्यासंबंधी मानसिक आजार झालेल्या व्यक्ती आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधे घेणारे रुग्ण यांनी यातले काहीही डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय सुरू करू नये. औषध तेवढेच ठेवून जेवण कमी केले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. प्रयत्न न करता वजन घटत असेल, तर तेही तपासून घ्यावे.

ध्येय गाठल्यावर काटा अडगळीत टाकू नये. एक वरची मर्यादा ठरवावी, उदाहरणार्थ गाठलेल्या वजनाच्या वर दोन किलो, आणि साप्ताहिक सरासरी तिच्यापलीकडे गेली की दोन-तीन आठवडे नोंदवही, मापाचा चमचा आणि बिनसाखरेची पेये पुन्हा सुरू करावीत.