दोन दिवसांचं फिजी: नांदीत उतरल्यावर काय करावं

ऑकलंडला मुलाकडे महिनाभर राहायला गेलं की फिजी फक्त तीन तासांच्या विमानावर येतं. मग शनिवार-रविवार जोडून जायचं ठरतं आणि नकाशा बघून माणूस म्हणतो, राजधानी सुवाही उरकून घेऊ. तिथेच दौरा फसतो. विमान उतरतं नांदीला, आणि नांदी ते सुवा रस्त्याने १९० किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन एक अख्खा दिवस बसमध्ये. शिवाय सुवाकडे पाऊसही जास्त. दोनच दिवस असतील तर सुवा सोडा आणि नांदीतच मुक्काम करा.

विमानात मिळणारा फॉर्म नीट भरा. खाण्याच्या वस्तूंच्या प्रश्नापुढे आपला हात आपोआप 'नाही'वर जातो. बॅगेत मेथीचे लाडू असतील तर 'हो' लिहा. ताजी फळं, बिया, तुपा-दुधाचे पदार्थ यांबाबत तिथे फार कडक आहेत. माझे लाडू टोपलीत गेले, पण खरं लिहिलं होतं म्हणून दंड झाला नाही.

आता वार बघा. रविवारी बाजार बंद आणि गावं चर्चमध्ये असतात, पण बोटी चालू असतात. म्हणून रविवार समुद्राला द्या. देनाराउ बंदरातून मामानुथा बेटांकडे बोटी सुटतात. लांबच्या बेटाच्या मोहात पडू नका. साउथ सी हे टिकलीएवढं बेट अर्ध्या तासावर आहे. तिथे पोहा, नळी लावून पाण्याखालचे मासे बघा, जेवा, संध्याकाळी परत या. मे ते ऑक्टोबर हवा कोरडी असते. नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचे महिने, तेव्हा बोट चालू आहे ना ते आदल्या रात्री विचारून घ्या.

शनिवारी सकाळी नांदीच्या बाजारात जा. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या मुळ्यांच्या जुड्या दिसतील. ती यांगोना, म्हणजेच कावा; कुटून पाण्यात कालवून प्यायची मुळी. कुठल्या गावात जाणार असाल तर अर्धा किलोची जुडी घ्या. ती गावच्या प्रमुखापुढे ठेवायची असते. गावात टोपी आणि गॉगल काढा, खांदे-गुडघे झाका आणि मूल कितीही गोड असलं तरी त्याच्या डोक्यावरून हात फिरवू नका.

मग लाकडी परातीभोवती मांडी घालून बसायचं. करवंटी पुढे आली की एक टाळी वाजवा, 'बुला' म्हणा आणि एका दमात प्या. घोटाघोटाने प्यायची चीज नाही ती. नंतर तीन टाळ्या. चव गढूळ पाण्यासारखी, आणि जीभ दाताच्या डॉक्टरकडून आल्यासारखी जड होते. कमी हवी असेल तर आधीच 'लो टाइड' म्हणा, अर्धीच भरतात.

दुपारनंतर मुख्य रस्त्याच्या टोकाचं श्री शिव सुब्रमण्य मंदिर बघा. रंगीत गोपुरं पाहून मदुराईच आठवतं. पण तिथवर टॅक्सीने जा, कारण खरी मजा बहुधा भारतीय वंशाच्या टॅक्सीवाल्याशी बोलण्यात आहे. १४ मे १८७९ रोजी लिओनिडास जहाज फिजीला आलं. तेव्हापासून १९१६पर्यंत साठ हजारांहून अधिक हिंदुस्थानी माणसं उसाच्या मळ्यांसाठी आणली गेली. करार, म्हणजे 'अॅग्रीमेंट', त्यांच्या तोंडी झाला 'गिरमिट'. त्यांची पतवंडं आज अवधी-भोजपुरी वळणाची हिंदी बोलतात. 'वो आया' म्हणायचं तर 'ऊ आइस'. आपली हिंदी त्यांना सिनेमातली वाटते. 'मूळ गाव कुठलं?' हा आपला ठरलेला प्रश्न मात्र लगेच विचारू नका. पुष्कळांना ते ठाऊक नसतं. त्यांनी विषय काढला तर ऐका.

टॅक्सीतून उतरताना त्या टॅक्सीवाल्यालाच विचारा, रोटी पार्सल कुठलं चांगलं. बटाट्याची किंवा मटणाची रस्सेदार भाजी रोटीत गुंडाळून देतात. विमानतळावर जाताना दोन जास्तीची घ्या, आणि ऑकलंडला उतरायच्या आत संपवा. तिथलाही फॉर्म तितकाच कडक आहे.