पिकअपला जादा पाटा टाकताय? या चुका टाळा

कांद्याचा हंगाम आला की लासलगाव-पिंपळगावच्या वाटेवर मागून बसलेल्या पिकअप दिसू लागतात आणि गॅरेजमध्ये सल्ला ठरलेला असतो: "दोन पाटे वाढवू." पाटा, म्हणजे चाकांवरचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंगची पोलादी पट्टी, वाढवायला हरकत नाही. पण गाडी कशामुळे बसली, हे न बघता वाढवू नका. कधी एखादा पाटा तुटलेला असतो, कधी शॅकलचे, म्हणजे पाट्यांचा संच चासीला जोडणाऱ्या कडीचे, बुश झिजलेले असतात, कधी जुन्या पाट्यांची कमानच उतरलेली असते. रिकामी गाडी सपाट जागेवर उभी करून दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून बॉडीच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. एक बाजू खाली असेल तर आधी तिचं काम करा, नाहीतर नवा पाटा टाकूनही गाडी एका अंगाला कललेलीच राहील.

मुख्य संचात पाटा घालणं वेगळं आणि वर हेल्पर, म्हणजे जादा मालापुरता कामाला येणारा पाटा, बसवणं वेगळं. हेल्परची टोकं रिकाम्या गाडीत चासीवरच्या टेकूपासून सुटी असतात, माल भरला की टेकतात. ही फट मिटवली की गाडी रिकामीसुद्धा कडक चालते. द्राक्षं, टोमॅटो वाहणाऱ्यांना ते महागात पडतं: अर्ध्या भरतीत क्रेट उडतात आणि खालचा माल दबतो. जाताना भरलेली, येताना रिकामी अशी गाडी असेल तर हेल्परच बरा.

पाटे वाढले की त्यांना ॲक्सलला आवळणारे यू-बोल्टही लांब लागतात. जुनेच ओढूनताणून बसवले तर नटाला पुरेसे आटे मिळत नाहीत. नवेच घ्या, समोरासमोरचे नट आलटून पालटून कसा आणि माल भरून काहीशे किलोमीटर झाले की पुन्हा कसा. यू-बोल्ट ढिला पडला की ताण पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टवर येतो. तो तुटला की ॲक्सल सरकतो आणि गाडी तिरकी धावते. पाट्याला वेल्डिंग किंवा गॅसचा शेक मात्र कधीच देऊ नका. तापलेल्या जागी पोलादाचं पाणी उतरतं आणि पाटा तिथेच मोडतो.

काम झाल्यावर मागचा भाग उचलला जातो, हेडलाइटचा झोत खाली पडतो, म्हणून तो पुन्हा जुळवून घ्या. वेग घेताना खालून थरथर आली तर मागच्या ॲक्सलला फिरवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलला असण्याची शक्यता आहे, जॉइंट तपासा. आणि पाट्याने आरसी बुकातलं वजन वाढत नाही. ॲक्सल, बेअरिंग, टायर तेच आहेत. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वरच्या दर टनाला २,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

सगळ्यात जास्त काळजी ब्रेकची वाटते, कारण तिकडे कुणी बघतच नाही. अनेक पिकअपमध्ये चासी आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये दांडी जोडलेला ब्रेक व्हॉल्व्ह असतो. मालाने गाडी दबली की तो मागच्या चाकांना जास्त दाब देतो. पाटे कडक झाले की गाडी भरलेली असूनही दबत नाही. व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. रिकाम्या गाडीत हे कळत नाही, भरलेल्या गाडीत थांबायचं अंतर वाढतं. पाटे वाढवल्यावर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये हा व्हॉल्व्ह तपासून, दांडी जुळवून घ्या. तोवर वाशीचा माल भरून गाडी कसारा घाटात उतरवू नका.