‘ठाणे पाण्याखाली’ ही बातमी तपासायची कशी?
आधी जागा शोधा. वंदना सिनेमापाशी पाणी साचलं म्हणजे घोडबंदर रोड बुडाला असं नाही. मग आकडा: किती मिलिमीटर, कुठल्या केंद्रावर, किती तासांत? हवामान खात्याचा दिवस सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी ८.३०, वाहिनीने ‘आज’ मध्यरात्रीपासून मोजला की आकडे जुळत नाहीत. ‘मुसळधार’ तर कुणीही लिहितं. खात्याच्या हिशेबात त्याला २४ तासांत किमान ६४.५ मिमी लागतात. रेड अलर्ट हा इशारा, झालेला पाऊस नव्हे. व्हिडिओ असेल तर फ्रेम थांबवून स्क्रीनशॉट गुगल लेन्सवर (चित्रावरून शोध घेणारं साधन) टाका. अंधुक फ्रेम घेऊ नका, काहीच सापडत नाही. दुकानाची पाटी दिसणारी घ्या. जुनी क्लिप बहुधा तिथेच उघडी पडते.