कोल्हापूरच्या घरातला बिगोनिया: मुळाशी हवा, मग पाणी

पावसाळ्यात राधानगरीच्या जंगलाकडे गेलं की ओल्या कातळांवर लुसलुशीत पानांची, फिकट गुलाबी फुलांची इवली रोपं दिसतात. हा आपल्या सह्याद्रीतला बिगोनिया, शास्त्रीय नाव बिगोनिया क्रेनाटा. त्याच्या मुळाशी माती जेमतेम बोटभर असते: थोडं शेवाळ, थोडा कुजलेला पाला, आणि पाणी येतं तसं वाहून जातं. कुंडीतल्या बिगोनियालाही हेच लागतं. दमट हवा कोल्हापुरात जून ते सप्टेंबर आपसूक मिळते; बहुतेक रोपं दगावतात ती मुळाशी पाणी साचून.

पहिलंच रोप घेत असाल तर उभ्या, बांबूसारख्या पेरांच्या खोडाचा बिगोनिया घ्या किंवा मातीवर सरपटणाऱ्या जाड खोडाचा. दोन्हींना आपली हवा सोसते. रंगीत पानांचा रेक्स देखणा खरा, पण कोरड्या हवेत त्याच्या कडा लगेच करपतात. हात बसल्यावर तो आणावा. मोठ्या दुहेरी फुलांचा कंदवाला बिगोनिया इथे घेऊच नका. त्याला थंड रात्री लागतात आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात तो टिकत नाही.

पंचगंगाकाठची काळी माती उसाला उत्तम, पण बिगोनियाच्या कुंडीत ती मूठभरही नको. ओली झाली की फुगून मुळांची हवा बंद करते, वाळली की दगड होते. त्याऐवजी हे मिश्रण करा: 2 भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), 1 भाग गांडूळखत, 1 भाग पर्लाइट (हलके, पांढरे खनिजाचे दाणे) आणि 1 भाग अर्धवट जळून काळं झालेलं भाताचं तूस. राख झालेलं तूस चालत नाही. कोकोपीटची वीट भरपूर पाण्यात फुगवा आणि दोनदा धुऊन घट्ट पिळा, कारण त्यातले क्षार मुळं जाळतात. तयार मिश्रण मुठीत दाबलं की दोन-तीन थेंब पडावेत आणि मूठ उघडल्यावर गोळा भुसभुशीत सुटावा. चिकट गोळा राहिला तर पर्लाइट वाढवा.

कुंडी 5 ते 6 इंचांची, उथळ, तळाला तीन-चार भोकं असलेली. रोप लहान आहे म्हणून पुढच्या दोन वर्षांची सोय करत 10 इंची कुंडी घेऊ नये. मुळं पोचत नाहीत त्या मातीत ओल अडकून राहते. सरपटणारं खोड मातीत पुरायचं नाही, ते वरच ठेवायचं.

जागा पूर्वेच्या खिडकीची सगळ्यात चांगली. सकाळी आठ-नऊपर्यंतचं कोवळं ऊन चालतं. पश्चिमेची खिडकी असेल तर उन्हाळ्यात कुंडी काचेपासून तीन-चार फूट आत घ्या. पंख्याच्या थेट झोतात ठेवू नका. उजेड कमी पडला की खोड लांबुळकं होऊन झुकतं आणि पानांमधलं अंतर वाढतं.

पाण्याला वार ठरवू नका. बोटाचं पहिलं पेर मातीत घाला. तिथवर कोरडं लागलं तरच पाणी. साधारण हिशेब असा: उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी, हिवाळ्यात चार-पाच दिवसांनी, जुलैच्या झडीत आठवड्यातून एकदासुद्धा पुरतं. सकाळी मातीवर पाणी द्या, पानांवर नको, आणि ताटलीत उतरलेलं पाणी पंधरा मिनिटांत ओतून टाका. बोअरच्या जड पाण्यानं मातीवर पांढरा थर धरतो. पावसाचं पाणी साठवता आलं तर सोन्याहून पिवळं.

सगळ्यात घातक चूक इथे होते. पानं माना टाकतात, माणूस घाबरून तांब्याभर पाणी ओततो. आधी माती बघा. माती ओली असून पानं मलूल असतील तर मुळं कुजली आहेत. रोप अलगद बाहेर काढा. चांगलं मूळ फिकट आणि टणक असतं. कुजलेलं तपकिरी असतं, चिमटीत धरून ओढलं की साल सुटून हातात नुसता दोरा राहतो. अशी मुळं कात्रीनं काढा, निम्मी पानं कमी करा आणि नव्या मिश्रणात, आधीपेक्षा लहान कुंडीत लावा. खोडाचा बुंधाच मऊ पडला असेल तर रोपाच्या मागे लागू नका. वरचे निरोगी शेंडे तोडून पुन्हा रुजवा.

पानांवर पिठासारखे ठिपके ही भुरी, म्हणजे बुरशी, द्राक्षबागेत येते त्याच जातकुळीची. कुंड्या दाटीनं ठेवल्या आणि हवा खेळली नाही की येते. लागलेली पानं काढा, कुंड्यांत वीतभर अंतर ठेवा. तरी पसरली तर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम फवारा, पण आधी एका पानावर दोन दिवस करून बघा आणि कडक उन्हाळ्यात टाळा. पेराच्या बगलेत कापसासारखा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं पुसून काढा.

खत म्हणून कृषी सेवा केंद्रात मिळणारं 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं विद्राव्य खत) लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा, ओल्या मातीत. डिसेंबर-जानेवारीत बंद. घरात मांजर किंवा कुत्रं असेल तर कुंडी उंचावर ठेवा. या झाडातलं ऑक्झलेट त्यांना बाधतं, विशेषतः जाड खोडातलं.

नवं रोप पानापासूनही होतं, रेक्सचं तर हमखास. पिकलेलं नव्हे, पूर्ण वाढलेलं निरोगी पान घ्या. पाठीमागच्या जाड शिरांना ब्लेडनं चार-पाच ठिकाणी आडवा छेद द्या, पान ओलसर कोकोपीटवर सपाट ठेवून छेदापाशी लहान खडे ठेवा, म्हणजे शिरा मातीला चिकटून राहतील. वर पारदर्शक डबा पालथा घाला, रोज पाच मिनिटं उघडा. महिन्याभरात मुळं धरतात. मग छेदापाशी मोहरीएवढे हिरवे ठिपके उठतात, त्यांचीच पानं होतात. दोन-तीन पानं फुटेपर्यंत त्यांना हलवू नका, नंतर एकेक वेगळं करून 3 इंची कुंडीत लावा.